तारांभोवतीचे पांढरे डाग : फ्लोराइड, लेझर आणि इनॅमल वाचवण्याची वेळ

केतकी_सातारा

नमस्कार मंडळी. प्रश्न लेकीच्या दातांचा आहे. गेले दहा दिवस तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लेक १२ वर्षांची. दात पुढे होते म्हणून सव्वा वर्षापूर्वी तारा बसवल्या. मागच्या आठवड्यात रविवारी मक्याचं साल तारेत अडकलं, ते काढायला तिला गॅलरीत उजेडात बसवलं. साल निघालं. कापसाने दात पुसला तर सुळ्यावर आणि त्याच्या शेजारच्या दातावर, तार धरायला चिकटवलेल्या बटणाच्या कडेने, हिरडीच्या बाजूला एक पांढरी कोर दिसली. पाटीवरचा खडू बोटाने पुसल्यावर मागे राहतो तसा पांढरा. बाकीचा दात चमकत होता, तेवढीच जागा निस्तेज. दोन मिनिटांत दात थुंकीने ओला झाला आणि डाग जवळजवळ दिसेनासा झाला. पुन्हा पुसला, पुन्हा दिसला.

पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये दाखवलं. ते म्हणाले, लेझर करून घ्या, इनॅमल (दाताचं बाहेरचं कठीण आवरण) कायमचं पक्कं होतं, मग फ्लोराइडचीसुद्धा गरज नाही. सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं. इथले आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, फ्लोराइड वॉर्निश (दातावर ब्रशने लावायचा चिकट लेप) लावू आणि ब्रशिंग सुधारू. आणि माझी चंद्रपूरची नणंद म्हणते, फ्लोराइड लेकराच्या तोंडात घालूच नकोस, आमच्याकडे पाण्यातल्या फ्लोराइडने पोरांचे दात पिवळे-तपकिरी झालेत.

तिघांचंही बोलणं पटतं आणि तिघांचं एकमेकांशी जुळत नाही. इथे दंतवैद्य आहेत, त्यांनी आणि अनुभव असलेल्यांनी सांगावं.

माधवी_जोग

केतकी, माझ्या भाचीला तारा काढल्यावर असेच डाग दिसले होते. बटणं निघाली आणि प्रत्येक दातावर मधे चौकोन स्वच्छ, भोवती पांढरी चौकट. तुझ्या लक्षात आधी आलं हे फार बरं झालं.

दंतमित्र

केतकीताई, मी कोल्हापूरला २० वर्षं प्रॅक्टिस करतो. तुम्ही कापसाने पुसून पाहिलंत तीच आमचीही तपासणी आहे, फक्त आम्ही हवेचा फवारा मारून दात कोरडा करतो. पुसल्यावरच दिसणारा डाग म्हणजे खनिज निघून जायला नुकती सुरुवात झाली आहे. ओल्या दातावरही तो ठळक दिसायला लागला, तर नुकसान आणखी आत गेलेलं असतं. तुमच्या वर्णनावरून आपण अजून पहिल्या पायरीवर आहोत.

आता मुळातून सांगतो, कारण इनॅमल म्हणजे काय हे कळलं की तिन्ही सल्ल्यांची जागा आपोआप लागते.

इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते, कारण तिथे जिवंत पेशी आहेत. इनॅमलमध्ये एकही नाही. म्हणून भोक पडलं की ते शरीर भरून काढत नाही, आम्हालाच भरावं लागतं. पण भोक पडण्याआधी एक मोठा काळ असतो. या काळात वरचा पातळ थर शाबूत असतो आणि खालून खनिज विरघळत असतं. स्फटिकांचा सांगाडा उभा आहे तोवर कॅल्शियम आणि फॉस्फेट परत तिथे जाऊन बसू शकतात. तुमच्या लेकीचे डाग याच काळातले आहेत.

दातावरच्या थरातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. पीएच म्हणजे आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. स्टीफन नावाच्या संशोधकाने १९४० च्या दशकात लोकांना साखरेच्या पाण्याने चूळ भरायला लावून दातावरच्या थराचा पीएच मोजला. काही मिनिटांतच तो झपकन खाली येतो, आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते पाऊण तास लागतो. हे काम लाळ करते. ती आम्ल मारते आणि आपल्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट दाताला परत देते. म्हणजे दिवसात किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. जेवणानंतर एकदम दोन पेढे खाल्ले तर एकच फेरा. तेच दोन पेढे दिवसभर चिमटी-चिमटीने खाल्ले तर दाताला उसंतच नाही.

फ्लोराइड इथे येतं. लाळेत ते थोडं जरी असलं तरी परत बसणाऱ्या खनिजात मिसळतं, आणि तयार होणारा स्फटिक पहिल्यापेक्षा चिवट असतो. तो विरघळायला पीएच ४.५ च्या आसपास उतरावा लागतो. बरेच जण समजतात की फ्लोराइड म्हणजे दातावर चढवलेला मुलामा. तसं नाही. रोज, दिवसातून दोनदा, थोडं थोडं तोंडात असणं हीच त्याची खरी ताकद.

लेझरवर नंतर लिहितो, ओपीडीची वेळ झाली. तोवर मला एक सांगा. लेक शाळेत नेते त्या बाटलीत काय असतं?

केतकी_सातारा

डॉक्टर, इतकं नीट समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार.

बाटलीत लिंबू सरबत असतं. ती सकाळी सातला बास्केटबॉलला जाते. उन्हात थकवा येऊ नये म्हणून मीच साखर-मीठ घालून देते. एक लिटरची बाटली. ती म्हणते, दुपारपर्यंत पुरवते.

हे लिहिताना हात थांबला माझा.

दंतमित्र

ताई, स्वतःला दोष देऊ नका. निम्म्या खेळाडू मुलांच्या बाटलीत हेच निघतं, आणि देणाऱ्या आईला ते पौष्टिकच वाटतं.

पण उत्तर सापडलं. सरबतात दोन गोष्टी एकत्र आहेत. लिंबाचं आम्ल दातावर थेट काम करतं, आणि साखर जिवाणूंच्या हातून काम करते. सकाळी सातपासून दुपारपर्यंत घोट-घोट. म्हणजे पाच-सहा तास पीएच वर येऊच दिला नाही. खेळताना तोंड कोरडं पडतं, लाळ कमी. आणि तारांच्या बटणांभोवती थर साचून राहतो. सगळं एकाच जागी जुळून आलं.

सरबत द्या, पण घरी आल्यावर, एका बैठकीत, आणि वर पाण्याने चूळ. बाटलीत साधं पाणी. आंबट पिऊन लगेच ब्रश करू देऊ नका, अर्धा तास जाऊ द्या. आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल घासलं जातं.

शिक्षक_यवतमाळ

डॉक्टरसाहेब, आपण फ्लोराइडची बाजू मांडलीत, पण केतकीताईंच्या नणंदेचं म्हणणं मी रोज डोळ्यांनी बघतो. आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. गावातल्या एका हापशाला लाल रंग मारलाय, पिऊ नका म्हणून. मार्च-एप्रिलमध्ये दुसरं पाणी आटतं तेव्हा बाया तिथेच रांग लावतात. माझ्या सातवीच्या वर्गात हसताना तोंडावर हात ठेवणाऱ्या मुली आहेत. पटाशीच्या दातांवर तपकिरी पट्टे. म्हाताऱ्यांचे गुडघे आणि पाठ धरलेली. आमच्यासाठी फ्लोराइड हा शब्दच भीतीचा आहे. शहरातला माणूस पैसे देऊन तेच लावून घेतो, हे ऐकून मन मान्य करत नाही.

दंतमित्र

सर, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते या धाग्यावर यायलाच हवं होतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड हे आपल्याकडचे फ्लोराइडबाधित पट्टे आहेत. भारतात या रोगाची नोंद पहिल्यांदा झाली ती १९३७ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात.

फरक दोन गोष्टींत आहे. किती, आणि कधी.

कायमच्या दातांचं इनॅमल हिरडीच्या आत जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असतं. त्या काळात मूल जास्त फ्लोराइडचं पाणी रोज पीत असेल, तर ते रक्तातून घडणाऱ्या दातापर्यंत पोचतं आणि इनॅमल सच्छिद्र तयार होतं. तेच तपकिरी पट्टे. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडंही धरतात. हे पिण्याचं फ्लोराइड. वॉर्निश किंवा पेस्ट हे बाहेरून, वर आलेल्या दाताला लागतं, आणि थुंकायचं असतं.

आकडे मांडून दाखवतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ च आहे. वॉर्निशमध्ये ५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं, म्हणजे २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). आकडा ऐकून छाती दडपते. पण सगळ्या दातांना मिळून अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी लागतं. ०.४ मिलिलिटर धरलं तर त्यात ९ मिलिग्रॅम फ्लोराइड, तेही दाताला चिकटून हळूहळू सुटणारं, वर्षातून दोन ते चार वेळा. किलोला ५ मिलिग्रॅम एकदम पोटात गेलं तर तातडीने दवाखाना गाठायचा असतो. ३५ किलोच्या मुलीसाठी ही सीमा १७५ मिलिग्रॅम होते.

याच हिशेबाने एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी बाळगा. १,००० पीपीएमच्या १०० ग्रॅम पेस्टच्या ट्यूबमध्ये १०० मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. १५ किलोच्या पोराची सीमा ७५. गोड चवीची ट्यूब त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, आणि ती मोठ्यांनी काढून द्यायची.

गंमत अशी की (दुःखद गंमत म्हणा) फ्लोराइडने कीड थांबते हे कळलं तेच या तपकिरी दातांमुळे. अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्सला १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्याला गावभर डागाळलेले दात दिसले. त्याने त्याचा पिच्छा सोडला नाही. डाग आहेत पण कीड कमी, हे त्याच्या ध्यानात आलं. पाण्यात नेमकं काय आहे हे कळायला १९३१ साल उजाडलं. चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञाने पाणी तपासलं आणि फ्लोराइड सापडलं. मग ट्रेंडली डीन या दंतसंशोधकाने गावोगावचं पाणी आणि दात ताडून पाहिले. लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवलं तर डाग नगण्य आणि कीड बरीच कमी, हे त्यातून निघालं. २५ जानेवारी १९४५ ला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने मोजून-मापून पाण्यात फ्लोराइड घालायला सुरुवात केली. एका गावात जास्त झालं म्हणून दुःख, दुसऱ्या गावात मोजून घातलं म्हणून फायदा. आपल्या यवतमाळला घालायची नव्हे, काढायची गरज आहे.

शिक्षक_यवतमाळ

हे मला पहिल्यांदा असं उलगडून कोणी सांगितलं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याने पाण्यातलं फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत काढली, ती आमच्याकडे एकदा शिबिरात दाखवली होती. पिंपात तुरटी घालून ढवळायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी घ्यायचं. दोन महिने लोकांनी केलं, मग सुटलं. पुन्हा उभं करायला हवं.

एक शंका. आमच्या मुलांनी मग कोणती पेस्ट वापरावी?

दंतमित्र

सर, आधी पाण्याचा अहवाल. पाणी जास्तीचं असेल तर सहा वर्षांखालच्या, म्हणजे पेस्ट गिळणाऱ्या मुलांना फ्लोराइडविरहित पेस्ट द्या किंवा नुसता ब्रश करा. मोठी मुलं, ज्यांना थुंकता येतं आणि दात घडून झालेत, त्यांनी साधी फ्लोराइडची पेस्ट वापरायला हरकत नाही. डागाळलेलं इनॅमल सच्छिद्र असतं, त्यालाही कीड लागते.

आणि तुमच्या वर्गातल्या त्या मुलींना सांगा, तपकिरी डागांवर उपाय आहेत. वरचा अगदी पातळ थर आम्लाच्या पेस्टने घासून बऱ्याच जणींचे डाग फिके करता येतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी दंतविभागात जरूर पाठवा.

प्रकाशकण

धागा उशिरा वाचला. मी लेझरवर काम करतो, दातांवर नाही. पण दोन गोष्टी भौतिकशास्त्राच्या बाजूने सांगू शकतो.

पहिली, डाग ओला झाला की का लपतो. खनिज गेल्यावर इनॅमलमध्ये बारीक पोकळ्या राहतात. पुसला की त्यात हवा. इनॅमलचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती वळतो त्याचं माप) सुमारे १.६२ आणि हवेचा १. फरक मोठा, म्हणून प्रकाश विखुरतो आणि पांढरं दिसतं. ओला झाला की पोकळ्यांत पाणी, अपवर्तनांक १.३३. फरक कमी, डाग फिका. केतकीताईंनी गॅलरीत कापूस घेऊन केला तो चोख प्रयोग होता.

दुसरी, लेझर. 'लेझर केलं' हे वाक्य अपुरं आहे. कुठल्या तरंगलांबीचा, हे पहिलं विचारायचं. प्रकाश ज्या पदार्थात शोषला जातो तिथेच तो काम करतो. इनॅमलमधला फॉस्फेट ९.३ ते ९.६ मायक्रोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश जोरदार शोषतो. त्यामुळे त्या पट्ट्यातला कार्बन डायऑक्साइड लेझर काही मायक्रोसेकंदांच्या ठिणग्यांनी मारला, तर उष्णता वरच्या काही मायक्रोमीटरच्या थरातच राहते. पृष्ठभाग क्षणभर कित्येकशे अंशांवर जातो आणि आतल्या नसेपर्यंत ऊब पोचत नाही. याउलट ८१० किंवा ९८० नॅनोमीटरचा, म्हणजे एका मायक्रोमीटरपेक्षाही कमी तरंगलांबीचा, डायोड लेझर इनॅमलमधून जवळजवळ आरपार जातो. तो हिरडीसाठी, रक्तासाठी उत्तम.

त्या उष्णतेने नेमकं काय होतं, ते डॉक्टरांनी सांगावं.

दंतमित्र

प्रकाशकण, अगदी नेमकं लिहिलंत. माझं काम सोपं झालं.

आपल्या इनॅमलचा स्फटिक शुद्ध नसतो. त्यात वजनाने सुमारे ३ टक्के कार्बोनेट घुसलेलं असतं, आणि नेमकं तेच आम्लाला वाट देतं. बरोबर मापात उष्णता दिली की हे कार्बोनेट उडून जातं आणि मागे राहिलेला स्फटिक आम्लाला कमी दाद देतो. त्यावर फ्लोराइड लावलं तर दोन्ही मिळून परिणाम वाढल्याचं प्रयोगशाळेतल्या अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणजे लेझरच्या बाजूने बोलणारे संशोधकसुद्धा त्याला फ्लोराइडसोबत बसवतात, फ्लोराइडच्या जागी नाही.

कल्पना नवी नाही. १९६० मध्ये मायमनने पहिला रूबी लेझर चालवला आणि चार-पाच वर्षांत स्टर्न आणि सोग्नेस यांनी तो इनॅमलवर मारून पाहिला. लेझर बसलेला भाग आम्लात कमी विरघळतो, हे त्यांना दिसलं. पण ते लेझर आतपर्यंत तापवायचे. १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर दाखवलं, की नसेचं तापमान ५.५ अंशांनी वाढलं तरी सुमारे १५ टक्के दातांची नस मरते. या एका आकड्याने पुढच्या सगळ्या लेझर संशोधनाला लगाम घातला. योग्य तरंगलांबी आणि इतक्या छोट्या ठिणग्या सापडायला मग कित्येक वर्षं गेली. त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फेदरस्टोन, फ्राइड आणि रेशमान यांचं काम मोठं.

केतकीताई, आता तुमच्या कामाचं. याच गटाने २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तो तुमच्या लेकीच्या परिस्थितीशी तंतोतंत जुळतो. तारांसाठी जे दात पुढे काढायचेच होते, त्यांवर बटणं चिकटवली आणि बटणाच्या शेजारी ९.६ मायक्रोमीटरचा लेझर मारला. दात काढून कापून पाहिले. लेझर न मारलेल्या भागाच्या तुलनेत खनिजाची झीज ४ आठवड्यांनी ४६ टक्के आणि १२ आठवड्यांनी ८७ टक्के कमी. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण माणसं होती २४, आणि मुदत होती १२ आठवडे. यातून 'कायमचं' हा शब्द निघत नाही.

वॉर्निशमागे मात्र हजारो मुलांवरचे अभ्यास आहेत. वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१३ चा आढावा सगळे एकत्र करून सांगतो, की कायमच्या दातांत किडीचं प्रमाण सरासरी ४३ टक्क्यांनी आणि दुधाच्या दातांत ३७ टक्क्यांनी कमी होतं. वॉर्निश लावायला यंत्र लागत नाही, पाच मिनिटं लागतात.

म्हणून क्लिनिकमध्ये फोन करून एवढंच विचारा, लेझर कोणता?

मृदुला_शिकागो

इथला अनुभव. धाकट्याला दात येऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनीच वॉर्निश लावलं. कापसाने चार दात पुसले, छोट्या ब्रशने पिवळसर चिकट काहीतरी फिरवलं, झालं. मी घाबरून विचारलं तर म्हणाल्या, इथे सगळ्या बाळांना लावतो. नळाच्या पाण्यातही लिटरला ०.७ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात.

मालतीआजी_पार्ले

मुलांनो, म्हाताऱ्यांचंही कोणीतरी बघा. मी ७४ वर्षांची. आयुष्यभर दाढ दुखली नाही. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तोंड कोरडं पडतं, आणि दोन वर्षांत हिरडीजवळ तीन दात किडले. तोंड कोरडं म्हणून मी सारखी खडीसाखर चघळते. डॉक्टर, तुमचं वाचून आता भीती वाटते.

दंतमित्र

आजी, खडीसाखर आजच बंद. त्याऐवजी पाण्याचे घोट, किंवा साखर नसलेलं च्युइंगगम जमत असेल तर ते. हिरडी खाली सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं. त्यावर इनॅमल नसतं, आणि ते इनॅमलपेक्षा लवकर विरघळतं. तुम्हाला दर तीन महिन्यांनी वॉर्निश लावून घ्यायला सांगेन. गोळ्या मनाने बंद करू नका, पण लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तोंड कोरडं पडतं हे सांगा. कधी कधी गोळी बदलता येते.

गणेश_बीड

आमच्याकडे आजीपासून मिश्री लावायची पद्धत. आई म्हणते मिश्रीने दात घट्ट राहतात. आणि मी वनस्पतींची पेस्ट वापरतो. चालेल का?

दंतमित्र

गणेश, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दात घट्ट होत नाहीत, हिरड्या बधिर होतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतो. आईंना प्रेमाने पण नक्की सोडायला लावा.

पेस्टचं सोपं आहे. ट्यूबवर फ्लोराइड किती पीपीएम ते छापलेलं असतं, आपल्याकडे कमाल मर्यादा १,००० आहे. वनस्पतींच्या बऱ्याच पेस्टमध्ये ते नसतंच. तसं असेल तर घासून दात स्वच्छ होतील, पण विरघळणाऱ्या इनॅमलला परत काही मिळणार नाही. आणि घासून झालं की फेस थुंका, पाण्याने खळाखळा चुळा भरू नका. आपल्याला लहानपणापासून तीच सवय, त्यामुळे हे पटायला वेळ लागतो. पण चूळ भरली की फ्लोराइड मोरीत जातं. विशेषतः रात्री. झोपेत लाळ कमी असते, तेव्हा ते तोंडात राहू द्या.

केतकी_सातारा

अपडेट देते.

क्लिनिकमध्ये फोन केला. आधी 'इंपोर्टेड मशीन आहे' एवढंच सांगत होते. मी धीर करून तरंगलांबी विचारली. थोड्या वेळाने सांगितलं, ९८० नॅनोमीटर डायोड. प्रकाशकण, तुमची पोस्ट मी समोर उघडून ठेवली होती.

लेझर सध्या नाही. शनिवारी इथल्या डॉक्टरांकडे वॉर्निश लावलं. आधी त्यांनी विचारलं, राळेची ॲलर्जी आहे का, दमा आहे का. मग तार सोडवून थर साफ केला, कापसाच्या वळ्या गालात ठेवल्या आणि बारीक ब्रशने प्रत्येक बटणाभोवती लावलं. पिवळट, चिकट. लेक म्हणाली, देवळातल्या धूपासारखा वास येतो. थुंकी लागल्यावर ते आणखी घट्ट होतं म्हणे. त्या रात्री ब्रश नाही, गरम आणि कडक काही नाही, म्हणून वरण-भात कोमट करून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी घासल्यावर पिवळेपणा गेला.

डायोडसोबत फ्लोराइड वापरूनही फायदा होतो, असं क्लिनिकवाले म्हणाले. त्यात तथ्य आहे का? आणि दुधाच्या प्रथिनांची एक पेस्ट त्यांनी सुचवली, ती कशी?

दंतमित्र

डायोड आणि फ्लोराइड एकत्र वापरून प्रयोगशाळेत फायदा दिसल्याचे अभ्यास आहेत, तसेच फरक न दिसल्याचेही. एवढ्यावर मी १२ वर्षांच्या मुलीच्या आईकडून सहा सिटिंगचे पैसे घेणार नाही. उद्या ९.३-९.६ चे लेझर आपल्याकडे सहज मिळाले आणि मोठे, लांब मुदतीचे अभ्यास आले, तर मी स्वतः या धाग्यावर येऊन लिहीन. तो दिवस यावा असं मला मनापासून वाटतं. ज्या मुलांचे पालक सहा महिन्यांनी परत येत नाहीत, त्यांच्यासाठी एकदाच केलेला उपाय फार मोलाचा ठरेल.

दुधातल्या केसीनपासून केलेली पेस्ट मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स यांच्या कामातून आली. ती कॅल्शियम आणि फॉस्फेट दातापाशी धरून ठेवते. जोडीला चालेल, पण फ्लोराइडच्या पेस्टऐवजी नको. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी मुळीच नको.

तुम्ही आता रोजचं सांभाळा. बटणाच्या वरून आणि खालून, ब्रश तिरका धरून. तारेखालून जाणारा छोटा ब्रश मिळतो, तो आणा. शाळेतून आल्यावर ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या माउथवॉशने एक मिनिट चूळ आणि नंतर अर्धा तास काही खाणं-पिणं नाही. दाढांच्या खाचा खोल असतील तर त्या सीलंटने बुजवून घ्या. वॉर्निश गुळगुळीत बाजूंना चांगलं काम करतं, खोल खाचांत सीलंट जास्त टिकतं.

केतकी_सातारा

सात महिन्यांनी धागा वर काढतेय.

वॉर्निश तीनदा झालं. बाटलीत पाणीच जातं. पहिले पंधरा दिवस रुसवा होता, मग संघातल्या तिच्या दोन मैत्रिणींच्या बाटल्याही बदलल्या. सरबत घरी, दुपारी, एकाच ग्लासात. माउथवॉश ती माझ्याआधी घड्याळ लावून घेते.

काल पुन्हा त्याच गॅलरीत, त्याच वेळी, कापसाने पुसून पाहिलं. सुळ्यावरची कोर जवळजवळ गेली आहे, बारीक रेघ उरली आहे आणि तिला चमक आली आहे. शेजारच्या दातावरचा डाग मात्र आहे तेवढाच आहे. पण पूर्वीसारखा खडूसारखा नाही, गुळगुळीत दिसतो. नवीन डाग एकही नाही. डॉक्टर, तो राहिलेला जाईल का?

दंतमित्र

चमक आली म्हणजे झीज थांबली, ताई. हीच बातमी हवी होती. खोलवर खनिज भरायच्या आधी वरचा थर बंद होतो, म्हणून काही डाग पांढरेच राहतात. पण तो दात आता किडीच्या वाटेवर नाही. तारा निघाल्यावर सहा महिने थांबा. लाळेनेही थोडा फिका होईल. तेव्हाही डोळ्यांना खटकला, तर डागात पातळ रेझिन (प्लास्टिकसारखा घट्ट होणारा द्रव) मुरवायची पद्धत आहे. प्रकाशकणांनी लिहिलेलं अपवर्तनांकाचं तत्त्वच तिथे वापरतात. पोकळ्यांत हवा-पाण्याऐवजी इनॅमलच्या जवळचा अपवर्तनांक असलेलं रेझिन भरलं की डाग विरून जातो. ड्रिल नाही, भूल नाही.

शिक्षक_यवतमाळ

केतकीताई, वाचून आनंद झाला. आमच्याकडचंही सांगतो. पाण्याचा नमुना तपासायला पाठवला होता. लाल हापशाचं पाणी लिटरला ३.१ मिलिग्रॅम निघालं, आणि ज्याला कोणी रंग मारला नव्हता त्या शाळेजवळच्या बोअरचं १.९. शाळेजवळच्या बोअरवर आम्ही स्वतः लाल पट्टा मारला. नवव्या इयत्तेच्या मुली आता रोज सकाळी पिंपात तुरटी-चुना ढवळतात, पाळ्या लावून. दोन मुलींना जिल्ह्याला दंतविभागात नेऊन आणलं. एकीचे पुढचे चार दात बरेच उजळलेत.

केतकी_सातारा

सर, ही तुमची पोस्ट नणंदेला फोनवर वाचून दाखवली. तिच्या वाडीतल्या बोअरचा नमुना कुठे द्यायचा ते ती विचारतेय. तुम्ही कुठे दिला होता?

शिक्षक_यवतमाळ

जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत, ग्रामपंचायतीच्या पत्रासह. चंद्रपूरलाही प्रयोगशाळा आहे. प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्यायची, काचेची नको. त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरायची. वर स्रोत आणि तारीख लिहायची. त्यांना म्हणावं, उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यानंतर एक, असे दोन नमुने द्या.